कागद कोणाचा?

उर्दूच्या तासाला माझे विद्यार्थी ‘काग़ज़’ लिहितात आणि त्यानंतरच्या मराठीच्या तासाला ‘कागद’. उर्दूत या शब्दाच्या शेवटी ‘ज़ाल’ येतो, ‘ज़े’ नव्हे. दरवर्षी अर्धा वर्ग येथे चुकतो, कारण उच्चार दोन्हींचा सारखाच. एकदा एका मुलाने विचारले, “सर, बोलायचे ‘ज़’, तर मग लिहायला वेगळे अक्षर कशाला?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र उर्दूपेक्षा मराठीत सापडते. जुन्या फारसीत हे अक्षर ‘द’ आणि ‘ध’ यांच्या जवळपास उच्चारले जाई. अरबीत तर ‘काग़द’ असे लिहिलेलेही आढळते. म्हणजे मराठी माणूस ‘कागद’ म्हणतो, कानडी माणूसही ‘कागद’ म्हणतो, तेव्हा तो मूळ शब्दाची मोडतोड करत नसतो. उलट काग़ज़पेक्षा जुना ध्वनी त्याच्या जिभेवर टिकून राहिला आहे. फारसीत हा शब्द सोग्दी भाषेतून आला असावा असे भाषातज्ज्ञ मानतात. सोग्दी म्हणजे समरकंदच्या आसपासच्या व्यापाऱ्यांची भाषा. ती आज कोणी बोलत नाही. पण तिचा एक शब्द आपल्या दप्तरात रोज येतो.

कागदाचा शोध कोणी लावला? सामान्यज्ञानाच्या पुस्तकात याचे उत्तर एका शब्दात असते : चीन. आपल्या समाजातल्या सभा-जलशांत दुसरे उत्तर ऐकू येते. तेथे वक्ते मोठ्या आवेशाने सांगतात की जगाला कागद मुसलमानांनी दिला, आकडे मुसलमानांनी दिले, इस्पितळे मुसलमानांनी दिली, टाळ्या पडतात. आणि या सभेबाहेर तिसरे उत्तर तयार असते, की यांनी जगाला काय दिले? काहीच नाही. आमची मुले या तिन्ही उत्तरांच्या मध्ये उभी असतात. म्हणून हा इतिहास एकदा नीट पाहावा असे वाटले.

चीनच्या बाबतीत शंका नाही. हान घराण्याच्या दरबारातील त्साय लुन या अधिकाऱ्याने इ. स. १०५ मध्ये सम्राटापुढे कागद सादर केला, अशी नोंद आहे. झाडाची साल, ताग, चिंध्या, मासेमारीची जुनी जाळी यांचा लगदा करून तो बनवला होता. परंतु पुरातत्त्वज्ञांना त्साय लुनच्याही दोन-अडीचशे वर्षे आधीचे कागदाचे तुकडे सापडलेले आहेत. म्हणजे त्याने सुधारणा केली, तिला राजमान्यता मिळवून दिली. पहिला लगदा कोणी केला हे मात्र इतिहासाला माहीत नाही. कोणी धोबी असेल, कोणी दोरखंड वळणारा असेल. दरबारी माणसाचे नाव राहते, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

आता समरकंदची प्रसिद्ध गोष्ट. इ. स. ७५१ मध्ये तलास नदीकाठी अब्बासी फौज आणि चीनच्या तांग घराण्याची फौज यांची लढाई झाली. चिनी सैन्य हरले. पकडलेल्या कैद्यांत कागद करणारे कारीगर होते, त्यांनी समरकंदमध्ये कागदाचे काम सुरू केले आणि तेथून तो साऱ्या इस्लामी जगात गेला. अल-बिरूनीने चिनी कैद्यांचा उल्लेख केला आहे, सआलिबीनेही केला आहे. आमच्या उर्दू पुस्तकांत ही गोष्ट जशीच्या तशी चालत आली. गोष्ट रंगतदार आहे, त्यात फतेह आहे. पण ती लिहिणारे दोघेही लढाईनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी झाले.

पुरावा वेगळे सांगतो. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांना चीनच्या पश्चिम टोकाला, तुनह्वांगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात सोग्दी भाषेतील पत्रांची थैली सापडली. ही पत्रे इ. स. ३१३ च्या सुमाराची असून कागदावर लिहिलेली आहेत. त्यांतली दोन एका बाईची आहेत. नवऱ्याने तिला परमुलखात मुलीसह टाकून दिले होते. तिने त्याला जे काही सुनावले आहे ते वाचताना सतराशे वर्षांचे अंतर वाटत नाही. पत्र बहुधा नवऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही. मुद्दा असा की तलासच्या लढाईआधी चारशेहून अधिक वर्षे सोग्दी लोक कागदावर लिहीत होते. तलासला पकडला गेलेला एक चिनी, तू ह्वान, इ. स. ७६२ मध्ये मायदेशी परतला. अब्बासी मुलखात पाहिलेल्या चिनी कारीगरांत त्याने विणकर सांगितले, चित्रकार सांगितले. कागदवाले त्याच्या लिखाणात नाहीत. कागद तलवारीने आला नाही, तो व्यापाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या पाठीवरून हळूहळू आला, असेच आता बहुतेक अभ्यासक मानतात. बौद्ध भिक्षूंना पोथ्या हव्या होत्या, व्यापाऱ्यांना हिशेब.

मग मुसलमानांनी केले काय? माझ्या मते येथूनच खरी गोष्ट सुरू होते, आणि तिला खोट्या अभिमानाची गरज नाही.

त्या वेळी अरबांकडे लिहिण्यासाठी चामडे होते आणि मिसरचा पपायरस होता. कुरआनात ‘किर्तास’ हा शब्द आला आहे. उर्दू शायरीत आपण तो कागदाच्या अर्थाने सर्रास वापरतो, पण सातव्या शतकातल्या अरबस्तानात त्याचा अर्थ कागद नव्हता. कुरआनच्या आयती प्रथम खजुराच्या झावळ्यांवर, हाडांवर, चामड्यावर लिहून ठेवल्या गेल्या, हे आपल्याकडे मदरशातल्या मुलालाही ठाऊक असते. खलिफांचे राज्य वाढले तसे हे साहित्य पुरेना. इ. स. ७६२ मध्ये बगदाद वसले आणि त्या शतकाच्या अखेरीस, हारून रशीदच्या काळात, तेथे कागद तयार होऊ लागला. त्यामागे बरमकी वजिरांचा हात होता. हे बरमकी मूळचे बल्खचे. त्यांचे पूर्वज तेथल्या ‘नौबहार’ म्हणजे नवविहार या बौद्ध विहाराचे प्रमुख, आणि ‘बरमक’ हा शब्द संस्कृत ‘प्रमुख’वरूनच आला असे सांगतात. ज्या प्रदेशात कागद जुना होता तेथून आलेल्या घराण्याने तो बगदादच्या कचेरीत आणला, यात नवल नाही. पुढच्या काळातील लेखकांनी आणखी एक व्यावहारिक कारण दिले आहे. चामड्यावरची शाई खरवडून मजकूर बदलता येतो. कागदावर खाडाखोड केली की ती दिसते. म्हणजे फसवणूक रोखायला सरकारने कागद धरला. (आज याच कागदावर बनावट दाखले निघतात, तो भाग वेगळा.)

कारीगरांनी कागदातही बदल केला. चिनी माणूस मऊ कुंचल्याने लिही, त्याला नरम कागद चाले. अरबांची कलम बोरूची, टोकदार. नरम कागदावर ती रुतते आणि शाई फुटते. म्हणून पिठाची खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटून कागद कडक आणि चकचकीत करण्याची रीत पडली. हे काम कोणा हकीमाचे किंवा फिलसूफाचे नव्हते. ते वर्राकांच्या बाजारात झाले. वर्राक म्हणजे कागद विकणारा, नकला करणारा, पुस्तके बांधणारा आणि पुष्कळदा लिहिणाराही. नवव्या शतकात बगदादमध्ये पुस्तकवाल्यांची शंभराहून अधिक दुकाने होती, असे याकूबीने नमूद केले आहे. या धंद्यातल्या एकाने, इब्न सय्यार वर्राकने, दहाव्या शतकात स्वयंपाकाचे पुस्तक लिहिले. अरबीतले ते सर्वांत जुने उपलब्ध पाकपुस्तक. चामडे महाग असते तर शिकंजबीन आणि हरीशाची कृती त्यावर कोणी लिहिली असती?

पण वर्राकांतला माझा आवडता माणूस इब्न नदीम. त्याने इ. स. ९८७ मध्ये ‘फिहरिस्त’ तयार केली, म्हणजे अरबीत जी जी पुस्तके आहेत त्यांची यादी. पहिली सहा प्रकरणे भाषा, शायरी, इतिहास, हदीस, फिका अशा विषयांची आणि उरलेली चार तत्त्वज्ञान, किस्से, परधर्म व किमया यांची. परधर्मात हिंदुस्थानचेही वर्णन आहे. कागदाविषयी तो काय लिहितो ते पाहण्यासारखे आहे. खुरासानी कागद जवसाच्या धाग्यांपासून होतो असे तो सांगतो. हा कागद बनी उमय्यांच्या काळातला असे काही म्हणतात, अब्बासींच्या काळातला असे काही. कोणी त्याला जुना मानतात, कोणी नवा. आणि चीनच्या कारीगरांनी खुरासानात तो चिनी कागदासारखा बनवला असेही म्हणतात. त्याने सगळी मते मांडली आणि आपल्या कौमचे नाव पुढे रेटले नाही. हजार वर्षांपूर्वीचा पुस्तकविक्या जे करू शकला ते आमच्या जलशातल्या वक्त्यांना का जमू नये?

कागद आला म्हणून गणितही बदलले. आपल्याकडे पूर्वी मुले धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवत. हिंदुस्थानी आकडे अरबांकडे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर ही धूळपाटीही गेली. अरब या पद्धतीला ‘गुबार’चा हिशेब म्हणत, गुबार म्हणजे धूळ. तीत एक आकडा पुसून त्या जागी दुसरा लिहायचा, त्यामुळे शेवटी उत्तर उरते, कृती उरत नाही. इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने हिंदी हिशेबावर पुस्तक लिहिले आणि धूळपाटी सोडून कलम-कागदावर गणित कसे करावे ते दाखवले. त्याने दिलेल्या कारणांपैकी एक मजेशीर आहे : धूळपाटी घेऊन बसले की लोकांना आपण रस्त्यावरचे भविष्यवाले वाटतो. आज मी फळ्यावर भागाकार मांडतो आणि मुले वहीत कृतीसह उतरवतात, त्यात हिंदुस्थानचा शून्य, चीनचा कागद आणि दमास्कसच्या या शिक्षकाची अक्कल एकत्र आलेली असते. यांतले कोणाचे काढून टाकायचे?

मजहबी मंडळींनी मात्र कागदावर लगेच विश्वास टाकला नाही. कुरआन दीर्घकाळ चामड्यावरच लिहिला जात होता. कागदावर लिहिलेल्या आणि साल नोंदवलेल्या कुरआनाची सर्वांत जुनी उपलब्ध प्रत इ. स. ९७१-७२ ची आहे, म्हणजे बगदादमध्ये कागद सुरू झाल्यावर पावणेदोनशे वर्षांनंतरची. एकदा स्वीकारल्यावर मात्र इब्न बव्वाबसारख्या खुशनवीसाने त्यावर जे अक्षर काढले ते आजही डब्लिनच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

पश्चिमेकडची वाट थोडक्यात सांगतो. स्पेनमधल्या शातिबाचा कागद बाराव्या शतकात नावाजलेला होता. इद्रिसीने त्याची तारीफ केली आहे. युरोपातही प्रारंभी संशय होताच. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये सरकारी दस्तऐवजांसाठी कागद वापरायला मनाई केली. परंतु त्याच शतकात इटलीतल्या फाब्रियानो गावाने कागदाचे कारखाने उभे केले, पाणचक्क्या लावल्या, कागदाच्या पोटात कारखान्याची निशाणी उमटवण्याची युक्ती काढली आणि शंभर-दीडशे वर्षांत बाजार उलटा फिरला. शिकवणारे ग्राहक झाले. मगरिबमध्ये फिरंगी कागद येऊ लागला, आणि त्यातल्या काही कागदांच्या पोटात क्रूसाची निशाणी! त्यावर अल्लाहचे नाव लिहावे काय? १४०९ मध्ये तिलिमसानच्या इब्न मरझूक या विद्वानासमोर हा प्रश्न आला. त्यांनी कागद जायज ठरवला. दुसरा कागद मिळत नाही ही अडचण त्यांनी लक्षात घेतली. इटलीचे व्यापारी त्यांच्याहून हुशार. त्यांनी पुढे तुर्कांच्या बाजारासाठी तीन चंद्रकोरींच्या निशाणीचा कागद काढला.

हे सांगताना मनाला टोचते ते असे. सातशे वर्षे कागद हाताळणाऱ्या लोकांना छापखाना का सुचला नाही? वास्तविक मिसरमध्ये दहाव्या शतकापासून ठसे करून तावीज छापले जात होते; त्याचे तुकडे मिळाले आहेत. पण त्या ठशावरून कोणी पुस्तकाकडे गेला नाही. इस्तंबूलला इब्राहिम मुतफर्रिकाला १७२७ मध्ये परवानगी मिळाली, पहिले पुस्तक १७२९ मध्ये निघाले. गुटेनबर्गला तोवर पावणेतीनशे वर्षे होत आली होती. नकलनवीसांचे पोट, सुंदर अक्षराचे प्रेम, राज्यकर्त्यांची अनास्था अशी बरीच कारणे सांगतात आणि प्रत्येकात थोडे तथ्य असेल. मला यात जिज्ञासा मंदावलेली दिसते. आठव्या शतकात ‘हे चिनी लोक कसे करतात?’ असे विचारणाऱ्यांचे वारस पंधराव्या शतकात ‘हे फिरंगी कसे करतात?’ असे विचारीनासे झाले. अभिमानाच्या भाषणात हे पान गाळले जाते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. हिंदुस्थानात भूर्जपत्र आणि ताडपत्र होते. अल-बिरूनीने दोन्हींचे वर्णन केले आहे. पश्चिम किनाऱ्यावर बाराव्या शतकातही कागद दुर्मीळ होता, याचा पुरावा कैरोच्या एका जुन्या यहुदी प्रार्थनास्थळात साठलेल्या कागदांत मिळतो. अब्राहम बेन यिजू हा यहुदी व्यापारी मंगळूरकडे राहत असे. एडनचे मित्र त्याला पत्राबरोबर भेट म्हणून कोरे कागद पाठवत. पुढे गुजरातेत जैनांच्या पोथ्या कागदावर लिहिल्या जाऊ लागल्या. काश्मीरमध्ये झैनुल आबिदीनने पंधराव्या शतकात समरकंदहून कारीगर आणवले अशी परंपरा आहे. दख्खनमध्ये मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली. तो हुकूम वेडेपणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. पण दिल्लीकडून आलेल्या माणसांत कारीगरही होते, आणि दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारे कागजीपुरा हे गाव आपला वारसा त्या काळापर्यंत नेते. नावातच गावाचा धंदा आहे.

‘दौलताबादी’ आणि ‘जुन्नरी’ ही कागदांची नावे मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना परिचित आहेत. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे, कागद, शाई, बोरू, बांधणी सगळे त्यात आहे. शिवाजी महाराजांच्या काळात ‘राजव्यवहारकोश’ झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, त्यात लेखनवर्ग म्हणून स्वतंत्र भाग होता. तरीही कागद कागदच राहिला. दौत, कलम, शाई, जिल्द, रद्दी ही सगळी मंडळी आली ती परत गेली नाहीत. दप्तराची तर आणखीच गंमत. हा शब्द ग्रीकांच्या ‘डिफ्थेरा’वरून निघून फारसी-अरबीतून आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ कातडे. शाळेच्या कार्यालयात कागद ‘रीम’ने मोजतात. तो शब्द आम्ही इंग्रजी समजतो, पण इंग्रजीत तो फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये स्पॅनिशमधून आणि स्पॅनिशमध्ये अरबी ‘रिझमा’वरून, म्हणजे गाठोड्यावरून, गेला आहे.

हातकागदाचे काम कसे चाले? जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या कापून चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या. मग पायाने दाबायच्या अवजड लाकडी हातोड्याखाली कुटायच्या, नदीवर धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. असे अनेकदा. लगदा हौदात सोडला की कारीगर काठावर बसून गवताच्या काड्यांची बारीक चटई लाकडी चौकटीवर ठेवून पाण्यात बुडवी आणि हलक्या हाताने वर उचली. पाणी गळे, वर पातळ थर राही, तोच कागद. थरावर थर रचून वर दगड ठेवून दाबायचे, भिंतीवर चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि दगडाने घोटायचे. कमरेपर्यंत ओल, हाताला चुना. समाजातले शरीफ या लोकांच्या कागदावर वंशावळी लिहून घेत आणि त्यांच्याशी सोयरीक मात्र टाळत. जातिभेद आमच्यात नाही, हे वाक्यसुद्धा आम्ही पुष्कळदा त्यांच्याच कागदावर लिहिले असेल.

पेशवाईत पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा होता. कचेरीला कागद लागे, कागद्याला पोट होते. मजहबाचा प्रश्न आड आला नाही. इंग्रजी अमलात गिरणीचा कागद आला, तुरुंगांत कैद्यांकडून कागद करवून घेतला जाऊ लागला, आणि या दोहोंत कागजी भरडला गेला. व्यापाऱ्यांच्या वह्यांसाठी थोडी मागणी राहिली, तीही आटली. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ सुरू झाला तेव्हा गांधीजी आणि कुमारप्पांनी हातकागद हाती घेतला. पुण्यात १९४० मध्ये हातकागद संस्था निघाली. जयपूरजवळच्या सांगानेरचे कागजी या लाटेवर तरले, आज त्यांचा माल परदेशी जातो. आपल्याकडचे बहुसंख्य कागजी दुसऱ्या कामांना लागले, आणि अनेक घरांत धंद्याचे केवळ आडनाव राहिले.

पुण्याच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कोणत्या तिथीला मिळाले, सारे त्यात असते. शिक्के असतात, मोर्तब असते. इटलीच्या कागदात कारखानदाराची निशाणी सापडते. दौलताबादी, जुन्नरी कागदांत तशी निशाणी घालण्याची रीत नव्हती. तो उजेडासमोर धरला तर गवताच्या काड्यांच्या बारीक रेषा दिसतात आणि मधूनमधून त्या काड्या बांधलेल्या दोऱ्यांच्या खुणा. कागद कोणत्या बनावटीचा आहे हे ओळखायला अभ्यासक त्या रेषाच मोजतात.